सुट्या भागांचा भरवसा

यंत्राच्या बदलता येणाऱ्या अवयवाला मराठीत ‘सुटा भाग’ म्हणतात आणि हा शब्द सोयीचा असला तरी काहीसा फसवा आहे. सुटे पैसे कोणत्याही खिशातून कोणत्याही गल्ल्यात जातात आणि त्यामुळे त्यांच्या मोलात फरक पडत नाही. यंत्राचा सुटा भाग मात्र दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलेला असतानाही समोर नसलेल्या एका यंत्राशी बांधलेला असतो: त्याच्या दांड्याच्या व्यासाशी, त्याच्या फिरण्याच्या दिशेशी, त्याच्या आवरणातील खाचेशी. हे बंधन कारखाना चालू असेतो कोणाला जाणवत नाही. कारखाना बंद पडून काही दशके लोटली, की ते जाणवू लागते आणि जुन्या मोटारीच्या बाबतीत त्याचा पहिला चटका पत्रा, काच किंवा गिअरबॉक्स यांसारख्या मोठ्या वस्तूंपेक्षा मुठीत मावणाऱ्या चार-पाच वस्तूंमुळे अधिक बसतो. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे इग्निशनचे, हे भाग होत.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रीमियर पद्मिनी या मोटारीइतके ओळखीचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीतील फियाट कंपनीच्या ११०० या मोटारीची आवृत्ती तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिला ‘डिलाइट’ हे नाव मिळाले, पुढे अल्पकाळ ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. नाव बदलले तरी तिचे १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन मुळात तेच राहिले आणि लोकही तिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या रस्त्यांवर इतकी रुळली, की शहराच्या चित्रात ती समुद्राइतकीच गृहीत धरली जाऊ लागली. एकविसावे शतक उजाडता उजाडता तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात दाखल झाली होती. टॅक्सीला असलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून अधिकृतपणे बाद झाली. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र आजही धावतात आणि त्यांना ठिणगी लागतेच.

ही ठिणगी कशी पडते, हे समजल्याशिवाय तिच्या सुट्या भागांविषयीची चिंता समजणार नाही. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास बॅटरीवर चालणारी जी पद्धत मोटारीत रुजवली, तीच पुढे सहा-सात दशके बहुतेक पेट्रोल मोटारींत टिकली आणि पद्मिनीतही तीच आहे. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह ‘कॉइल’मधून, म्हणजे लोखंडी गाभ्याभोवती तारेचे दोन वेढे असलेल्या डब्यातून, वाहतो आणि तिच्यात चुंबकीय क्षेत्र उभे करतो. या प्रवाहाच्या वाटेवर एक लहानसे फाटक असते. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून गॅरेजमध्ये त्याला ‘सीबी पॉइंट’ किंवा नुसते ‘पॉइंट’ म्हणतात. टंगस्टनच्या दोन बारीक टिकल्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि फिरत्या दांड्यावरचा चौकोनी उंचवटा त्यांना ठरावीक क्षणी दूर सारतो. टिकल्या दूर होताच प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि त्या कोसळण्यातून कॉइलच्या दुसऱ्या, हजारो फेऱ्यांच्या वेढ्यात कित्येक हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. ‘डिस्ट्रिब्युटर’मधील फिरता ‘रोटर’ हा दाब टोपीच्या आतील चार टोकांपैकी योग्य टोकाला पोचवतो. तिथून जाड तारेने तो प्लगपर्यंत जातो आणि प्लगच्या टोकाशी उडी मारून पेट्रोलच्या वाफेला पेटवतो. म्हणजे या यंत्रणेत ठिणगी जोडण्यातून येत नाही, तोडण्यातून येते. परंतु तोडण्याआधीची जोड पक्की नसेल तर तुटण्यातूनही काही निष्पन्न होत नाही.

पॉइंटच्या शेजारी करंगळीच्या पेराएवढा एक धातूचा डबा बसवलेला असतो, तो ‘कंडेन्सर’. टिकल्या दूर होताना प्रवाह आपल्या जुन्या वाटेने वाहण्याचा हट्ट धरतो आणि फटीतून निळसर ज्योतीच्या रूपाने उडी मारू पाहतो. तो क्षणभर पोटात घेऊन ही उडी टाळणे, हे कंडेन्सरचे काम. तो निकामी झाला तर टिकल्या थोड्याच वेळात करपतात आणि प्लगपाशी पोचणारी ठिणगी निळी-पांढरी न राहता पिवळी व दुबळी होते. त्याची क्षमता साधारण पाव मायक्रोफॅरड, म्हणजे आधुनिक इलेक्ट्रॉनिक्सच्या हिशेबाने किरकोळ. तरी रस्त्यात बंद पडलेल्या जुन्या मोटारीच्या प्रकरणात पहिला संशय बहुधा याच्यावर येतो. कारण त्याचे वागणे आरोपीसारखेच असते. सकाळी गाडी निमूट सुरू होते, अर्धा तास धावते, इंजिन तापल्यावर ‘मिसिंग’ मारू लागते, म्हणजे मध्येच एखादा ठोका चुकवते, आणि शेवटी बंद पडते; मेकॅनिक येईपर्यंत ती निवलेली असते आणि त्याच्यासमोर पहिल्याच किल्लीला सुरू होऊन मालकालाच खोटे पाडते.

यातील प्रत्येक भाग झिजण्यासाठीच घडवलेला असतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या साध्या चालीतही पॉइंट तासाला दोन लाख चाळीस हजार वेळा उघडतो व मिटतो. त्याच्या दोन टिकल्यांमधील फट असते साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाचे चार-पाच पदर एकत्र धरल्यावर होणाऱ्या जाडीएवढी. उंचवट्यावर घासणारी पॉइंटची टाच झिजली की ही फट अरुंद होते, टिकल्या उशिरा उघडतात आणि ठिणगीची वेळ मागे सरकते. गाडीचा ‘पिकअप’ गेला, अशी तक्रार सुरू होते. तेव्हा मूळ कारखानदाराने ग्राहकाला दिलेले वचन ‘हा भाग झिजणार नाही’ असे कधीच नव्हते. ‘हा झिजला तर अगदी असाच दुसरा मिळेल’, असे होते. जुन्या यंत्राची विश्वसनीयता वस्तूच्या अमरत्वावर उभी नव्हती. ती वस्तूच्या पुनर्जन्मावर, म्हणजे साचा, पुरवठादार, दुकानदार आणि फिटर यांच्या अखंड साखळीवर उभी होती.

पद्मिनीच्या बाबतीत ही साखळी प्रामुख्याने टॅक्सीवाल्यांनी टिकवली, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. हौशी मालक वर्षातून एखादा पॉइंट बदलतो. दिवसरात्र दोन पाळ्यांत धावणारी टॅक्सी मात्र सुटे भाग अक्षरशः खात असते. पुढे टॅक्सी सीएनजीवर, म्हणजे दाबाखालच्या नैसर्गिक वायूवर, चालू लागल्या, तेव्हा इग्निशनवरचा ताण वाढला, कारण वायू आणि हवेच्या मिश्रणातून उडी मारण्यासाठी ठिणगीला पेट्रोलच्या तुलनेत अधिक दाब लागतो आणि अशक्त तार किंवा तडा गेलेली टोपी तिथे लगेच उघडी पडते. हजारो टॅक्सींच्या या नित्य गरजेमुळे कुर्ल्यापासून ग्रँट रोडपर्यंत पद्मिनीचा रोटर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असे आणि स्वस्त मिळत असे. रविवारी सकाळी गाडी पुसून फेरफटका मारणाऱ्या मालकाला ही स्वस्ताई गाडीच्या साधेपणामुळे आहे असे वाटे; प्रत्यक्षात तिची किंमत उन्हापावसात टॅक्सी हाकणाऱ्याने आधीच चुकती केलेली असे. टॅक्सी गेली तसा रोजचा खपही गेला, आणि खप नसलेल्या मालासाठी दुकानदार फळी अडवून ठेवत नाही.

साखळी विरळ झाली की भरवशाचा भार खोक्यावर, म्हणजे वेष्टणावरील नावावर, येऊन पडतो. भारतात वाहनांच्या विद्युत यंत्रणेच्या बाजारावर दोन नावांची दीर्घकाळ मुद्रा होती. ब्रिटनची लुकास आणि दक्षिणेतील टीव्हीएस समूह यांच्या भागीदारीतून १९६० च्या दशकाच्या आरंभी मद्रासजवळ पाडी येथे लुकास-टीव्हीएस उभी राहिली, तर बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘मायको’, १९५१ मध्ये स्थापन झाली होती आणि २००८ मध्ये तिचे अधिकृत नाव बॉश लिमिटेड झाले. जुन्या फिटरच्या तोंडी आजही ‘मायकोचा प्लग’ असतो, कारण त्याच्या लेखी ते एका दर्जाचे नाव असते. नेमकी हीच गोष्ट नकली माल बनवणाऱ्याला ठाऊक असते. खोके छापणे सोपे आणि टंगस्टनची टिकली घडवणे कठीण असल्यामुळे नक्कल खोक्याची आधी होते, मालाची मागाहून. बाजाराने यासाठी आपली एक श्रेणीच तयार केली आहे: ‘कंपनीचा’, ‘लोकल’, ‘डुप्लिकेट’ आणि या सर्वांच्या पलीकडचा ‘जुना स्टॉक’. त्यातला ‘लोकल’ माल निदान आपले खरे नाव सांगतो. डुप्लिकेट दुसऱ्याचे नाव घेऊन येतो.

‘जुना स्टॉक’, म्हणजे कारखाना चालू असताना बनलेला पण कधीच न वापरलेला माल, हा जुन्या मोटारींच्या जगातील सर्वांत मोहक शब्द आहे. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी बंद पडत आलेले दुकान येथे पिवळ्या पडलेल्या खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेला पॉइंट सापडला, की ‘जुने ते सोने’ ही म्हण शब्दशः खरी झाल्यासारखी वाटते. पॉइंट, रोटर किंवा पितळी टोकांची टोपी यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही असते, कारण धातू आणि जुने बेकलाइट कोरड्या जागी वर्षानुवर्षे टिकते. कंडेन्सरच्या बाबतीत मात्र हीच म्हण घात करते. जुन्या कंडेन्सरमध्ये धातूचा पातळ वर्ख आणि कागद यांची गुंडाळी असते. कागद हळूहळू दमट होतो, त्याची रोधकता घटते आणि कधीही न वापरलेला भाग खोक्यातल्या खोक्यात म्हातारा होतो. कोकणपट्टीच्या हवेत हे अधिकच घडते. काळाने सोने होते आणि काळाने माती होते. कोणाचे काय होणार हे वस्तूच्या वयापेक्षा ती कशाची बनली आहे यावर अवलंबून असते.

नव्याने बनणाऱ्या भागांचे दोष याहून वेगळे असतात आणि ते जगभरच्या जुन्या मोटारींच्या मालकांना सारखेच छळतात. रोटरचे काळे प्लास्टिक काळे होण्यासाठी त्यात काजळीसारखा कार्बन मिसळतात. त्याचे प्रमाण अधिक झाले, तर जे वीज अडवण्यासाठी बनवले तेच तिला वाट करून देते आणि हजारो व्होल्टचा दाब प्लगपर्यंत न जाता रोटरच्या पोटातून थेट दांड्यात उतरतो. अशा रोटरवर वरून काहीही दिसत नाही. स्वस्त पॉइंटची टाच दाबून बसवलेल्या टणक तंतूऐवजी साध्या प्लास्टिकची असते आणि गरम डिस्ट्रिब्युटरमध्ये पाहता पाहता झिजते. टोपीतील पितळी टोकांच्या जागी ॲल्युमिनियमची टोके आलेली असतात, ती दमटपणात पांढरी पावडर धरतात. या दोषांमागे नेहमी लबाडीच असते असे मानण्याचे कारण नाही. हा भाग प्रत्यक्षात कोणत्या उष्णतेत, किती कंपनात आणि किती काळ राबतो, हे बनवणाऱ्याला कळवणारा कोणी उरलेला नाही, हे त्यांचे खरे कारण. टॅक्सीवाला दुसऱ्याच दिवशी दुकानदाराच्या तोंडावर भाग फेकून जात असे. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मालक दोष कळेपर्यंत दुकानाचे नावही विसरलेला असतो. तक्रारीची वाट तुटली, की गुणवत्तेची वाटही बुजते.

तथापि बदललेला भाग प्रत्येक वेळी दोषी असतोच असे नाही. डिस्ट्रिब्युटरचा दांडा ज्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीवजा आधारात, फिरतो, तो बुश झिजला की दांडा डगमगतो आणि चार उंचवट्यांपैकी प्रत्येकावर पॉइंटची फट निराळी भरते. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये जगातला उत्तमोत्तम पॉइंट बसवला तरी ठिणगी वेळेवर पडणार नाही. आणि तरीही दोष नव्या पॉइंटच्याच माथी मारला जातो, कारण शेवटचा बदल तोच असतो. त्याचप्रमाणे उंचवट्यावर ग्रीसचे बोट न फिरवता बसवलेला पॉइंट आपली टाच लवकर गमावतो, आणि वेगळ्या रोधाची कॉइल जोडली तर चांगल्या टिकल्याही करपतात. बारा व्होल्टवर सरळ चालणाऱ्या कॉइलच्या पहिल्या वेढ्याचा रोध सुमारे तीन ओहम असतो, म्हणजे तिच्यातून चार अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. बाहेरून वेगळा रोधक जोडण्यासाठी बनवलेली दीड ओहमची कॉइल त्या रोधकाशिवाय तिच्या जागी बसवली, तर प्रवाह दुप्पट होतो. दोन्ही कॉइल दिसायला जुळ्या बहिणी असतात. म्हणून विश्वसनीय भाग शोधणे हे काम बाजारात सुरू होत नाही, ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली सुरू होते. झिजलेला बुश कोणत्याही दुकानात मिळाला नाही तरी शेजारच्या लेथवर गनमेटलचा करून घेता येतो, आणि तो करून घेणाऱ्याला पुढचे सहा पॉइंट विकत घ्यावे लागत नाहीत.

या सर्व कटकटीवरचा आधुनिक उपाय म्हणजे पॉइंट व कंडेन्सर काढून त्या जागी चुंबकीय संवेदक आणि ट्रान्झिस्टर बसवणे. बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते, आत टाच नसते, टिकली नसते, फट भरावी लागत नाही आणि ठिणगीची वेळ महिनोन्‌महिने हलत नाही. आकडेवारीच्या अर्थाने ही यंत्रणा पॉइंटपेक्षा खात्रीची आहे, यात शंका घेण्यासारखे फारसे नाही. परंतु खात्रीला आणखी एक बाजू असते. पॉइंट हळूहळू बिघडतो, आधी कुरकुर करतो, आणि कसारा घाटात अगदीच थांबला तरी पॉलिश पेपरच्या तुकड्याने टिकल्या घासून, स्क्रू ढिला करून, अंदाजाने फट भरून गाडी पुढच्या गावापर्यंत आणता येते. इलेक्ट्रॉनिक संच बिघडतो तेव्हा सूचना न देता बिघडतो आणि त्याच्यापुढे माणसाच्या हाताला करण्यासारखे काही उरत नाही. ‘क्वचित बिघडणे’ आणि ‘बिघडल्यावर सावरता येणे’ हे दोन वेगळे गुण आहेत. भाषेत मात्र दोहोंना ‘भरवसा’ हा एकच शब्द आहे, आणि जुन्या मोटारींच्या मालकांमधील बरेचसे वाद या एका शब्दापायी होतात.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला पोचली. कायद्याने वारशाचा दर्जा दिला तरी कायदा पॉइंट देऊ शकत नाही. आणि वारसा म्हणून जपलेली वस्तू चालती ठेवायची असेल, तर तिच्याबरोबर तिला चालवणारे ज्ञानही जपावे लागते. कोणत्या टाचेला नख टोचून पाहावे, कोणता कंडेन्सर गरम करून तपासावा, कोणत्या रोटरमधून ठिणगी दांड्यात उतरते, बॅटरीचा दिवा लावून टायमिंग कसे धरावे, हे जाणणारे फिटर आता साठी-सत्तरीत आहेत. ज्या काळी खोक्यावरचे नाव पुरेसे होते, त्या काळी हे ज्ञान केवळ कौशल्य होते. आता नाव डळमळल्यावर तेच प्रमाण झाले आहे: भाग चांगला आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार कारखान्याकडून तपासणाऱ्या हाताकडे आला आहे.

म्हणूनच जाणत्या मालकाच्या डिकीत बहुधा एक पत्र्याचा डबा असतो आणि त्यात कोऱ्या खोक्यांपेक्षा वापरलेले भाग अधिक असतात. गाडी उत्तम चालत असताना मुद्दाम काढून ठेवलेला पॉइंट, दोन पावसाळे पाहिलेला रोटर, काढल्याची तारीख पेनने लिहिलेला कंडेन्सर. नवा भाग आणला की तो आधी गाडीत बसवून पाचशे-हजार किलोमीटर चालवायचा आणि चालता जुना डब्यात ठेवायचा, हा या मंडळींचा शिरस्ता. नव्या कोऱ्या वस्तूने अजून काहीच सिद्ध केलेले नसते; डब्यातील झिजक्या पॉइंटने निदान एवढे तरी सिद्ध केलेले असते, की तो या गाडीत, या दांड्यावर, या उन्हात चाललेला आहे.